रेल्वे फाटकाच्या जागी भुयारी मार्ग हवाय? गावाने निधी कुठून आणि कसा मागायचा

आमचं गाव रुळांनी मधोमध तोडलेलं आहे. शाळा, ग्रामपंचायत आणि एसटीचा थांबा अलीकडे. दोन वस्त्या, निम्मं शिवार आणि तालुक्याला जाणारा जवळचा रस्ता पलीकडे. मध्ये फाटक. एका रात्री बाळंतपणाला निघालेली एक बाई मालगाडी जाईपर्यंत जीपमध्ये कळा देत बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव ग्रामपंचायतीसमोर जमलं. त्या दिवशी आम्ही पहिला अर्ज लिहिला. भुयारी मार्गाचं काम सुरू व्हायला तिथून सहा वर्षं लागली. त्यातली पहिली अडीच वर्षं आमचे अर्ज ज्याचा या कामाशी संबंधच नाही अशा टेबलावर पडून होते. तुमची ती अडीच वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. फाटक जावं असं रेल्वेलाही वाटतं. फाटकावर चोवीस तास माणूस ठेवावा लागतो, फाटक वेळेत बंद झालं नाही तर सिग्नल मिळत नाही आणि गाडी खोळंबते. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनरखवालीची सगळी फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली गेली. आता गेटमन असलेली फाटकं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं काम चालू आहे. त्यामुळे तुमच्या गावाचं फाटक आज ना उद्या यादीत येणारच. ते गेल्यावर तुमच्या हाती काय येतं, आणि त्याचा खर्च कोण करतं, हा खरा प्रश्न आहे.

१. फाटकाची आणि रस्त्याची कुंडली काढा

"आमच्या गावचं फाटक" असं लिहिलेला अर्ज रेल्वेच्या ऑफिसात कोणाला काहीच सांगत नाही. प्रत्येक फाटकाला नंबर असतो, तो गेटमनच्या खोलीवर रंगवलेला असतो. त्याच्यासोबत किलोमीटर असतो, आणि ते फाटक कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये येतं हेही. या तीन गोष्टी प्रत्येक अर्जाच्या विषयाच्या ओळीतच लिहा.

मग गेटमनला नम्रपणे विचारा, फाटक इंटरलॉक आहे का? इंटरलॉक म्हणजे फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळूच शकत नाही. जिथे इंटरलॉक नाही तिथे स्टेशनमास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावून त्याला एक गुप्त आकडा सांगतो, ज्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, आणि त्या भरवशावर गाडी सुटते. सगळी सुरक्षितता दोन माणसांच्या जागेपणावर उभी. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसली, ते फाटक असंच बिगर इंटरलॉक होतं.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हेही आत्ताच शोधा. आमची अडीच वर्षं इथेच गेली. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात; प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आम्ही पीडब्ल्यूडीकडे खेटे घालत होतो आणि रस्ता जिल्हा परिषदेचा निघाला. पंचायत समितीतल्या बांधकाम उपअभियंत्याकडे रस्त्याचा क्रमांक आणि दर्जा लेखी मागा. तोंडी सांगितलेलं धरून चालू नका, कारण रस्त्यांची दर्जावाढ होते आणि जुन्या माणसांना जुनाच दर्जा आठवत असतो.

२. टीव्हीयू समजून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं

टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) म्हणजे चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्या गुणिले फाटक ओलांडणारी वाहनं. मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी हे प्रत्येकी एक एकक. रिक्षा अर्धं. दुचाकीला त्याहूनही कमी वजन.

समजा तुमच्या मार्गावर रोज ५० गाड्या जातात आणि फाटकावर वाहनांची ८०० एककं होतात. टीव्हीयू झाला ४०,०००. रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधायचा, यासाठीचा रूढ निकष १ लाख टीव्हीयूचा आहे. म्हणजे याच मार्गावर २,००० एककं हवीत. पण तिसरी लाइन पडली आणि गाड्या ८० झाल्या, तर तेवढ्याच वाहनांवर टीव्हीयू ६४,००० होतो आणि लाखाला १,२५० एककं पुरतात. तुमच्या मार्गाचं दुहेरीकरण किंवा तिसरी लाइन झाली असेल, तर जुना आकडा कधीच मान्य करू नका.

रेल्वे ही गणना दर तीन वर्षांनी करते. शेवटची कधी झाली आणि आकडा किती आला, हे माहितीच्या अधिकारात मिळतं. रेल्वे केंद्राची असल्यामुळे अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर करायचा, राज्याच्या नाही. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न असे विचारा: फाटकाचा वर्ग, मागच्या दोन गणनांच्या तारखा आणि टीव्हीयू, फाटक बंद करण्याचा किंवा पूल बांधण्याचा कुठला प्रस्ताव विचाराधीन आहे का, असल्यास त्याच्या आराखड्याची प्रत.

आमच्या उत्तरातली गणना पावसाळ्यात झालेली निघाली, म्हणून आम्ही स्वतः मोजलं. शंभर पानी वही, आडव्या ओळीत तास, उभ्या रकान्यांत ट्रक, ट्रॅक्टर, कार, रिक्षा, दुचाकी, बैलगाडी, आणि चार-चार तासांच्या पाळ्या. रात्री तीन ते पाचचा रकाना भरेल असं कोणालाच वाटलं नव्हतं; पण गाळप हंगाम चालू होता आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग पहाटेपर्यंत संपत नव्हती. त्या पाळीला बसलेल्या पोरांनी पाच-पाचच्या रेघा मारत एक पूर्ण पान ट्रॅक्टरांनीच भरवलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय. सात दिवस मोजा, त्यात बाजाराचा दिवस येऊ द्या, आणि हंगाम निवडून मोजा.

तुमची वही अधिकृत धरली जात नाही, हे लक्षात ठेवा. तिचा उपयोग "नव्याने संयुक्त गणना करा", म्हणजे रेल्वे आणि रस्त्याच्या मालक विभागाने मिळून मोजा, ही मागणी रेटण्यासाठी. आमची मागणी अशीच मान्य झाली आणि नवा आकडा जुन्याच्या दीडपटीहून जास्त आला.

आणखी एक. पायी जाणारी माणसं आणि गुरं टीव्हीयूत धरलीच जात नाहीत. सकाळी रूळ ओलांडून शाळेत जाणारी मुलं त्या हिशोबात शून्य आहेत. त्यांची मोजणी वेगळी करा, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या आणि अर्जाला जोडा.

३. नेमकं काय मागायचं ते ठरवा

"उड्डाणपूल हवा" ही घोषणा म्हणून ठीक, मागणी म्हणून बहुतेक गावांना ती लागू पडत नाही. उड्डाणपुलाला दोन्ही बाजूंना लांब चढ-उतार लागतो, जमीन लागते, आणि खर्च मोठा. लहान रस्त्यांवर रेल्वे बहुधा मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग सुचवते: रुळांखाली काँक्रीटच्या चौकटी सरकवायच्या किंवा काही तास वाहतूक थांबवून बसवायच्या.

टीव्हीयू अगदीच कमी असेल तर आधी इंटरलॉकिंग मागा. कडलूरच्या अपघातानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २०,००० वरून १०,००० वर आणली आणि फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश दिले. ही दोन्ही कामं रेल्वेच्या स्वतःच्या पैशातून होतात, तुमची इंचभर जमीन जात नाही, आणि पूल होईपर्यंतची वर्षं सुरक्षित जातात. पुलाच्या मागणीसोबत ही मागणी जोडून द्या. एकीमुळे दुसरी मागे पडते असा आमचा तरी अनुभव नाही.

४. निधीची दारं

*रेल्वेचा स्वतःचा निधी.* २०१७-१८ मध्ये पाच वर्षांसाठी १ लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला गेला आणि पुढे त्याला मुदतवाढ मिळाली. फाटकं काढण्याची कामं सुरक्षिततेच्या या खात्यात बसतात. टीव्हीयू लाखाच्या खाली असूनही सुरक्षितता आणि गाड्यांचा वेग या कारणांवर रेल्वे स्वखर्चाने भुयारी मार्ग करते. आमचं काम याच दाराने झालं.

*निम्मा-निम्मा.* लाखाच्या वरचं फाटक असेल तर राज्याच्या हिश्शासाठी बांधकाम विभागामार्फत प्रस्ताव जातो. महाराष्ट्रात अशी बरीच कामं महारेल करते. ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची संयुक्त कंपनी आहे. तुमचं फाटक तिच्या यादीत आहे का, हे बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला विचारा.

*केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी.* पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून हा निधी जमतो. राज्याच्या ताब्यातल्या रस्त्यांवर फाटकांच्या जागी पूल बांधण्यासाठी त्याखाली सेतुबंधन योजना आहे. प्रस्ताव राज्याकडूनच जातो, म्हणून इथे आमदार-खासदारांच्या पत्राला वजन आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या फाटकांसाठी २०१६ ची सेतू भारतम् योजना वेगळी.

*छोट्या कामांचे पैसे.* फाटकाकडे येणारा रस्ता, गतिरोधक, दिवे, सूचनाफलक, गटार ही रेल्वेच्या हद्दीबाहेरची कामं रस्ता ज्याचा त्यानेच करायची असतात. त्यासाठी जिल्हा नियोजन समिती, २५१५ या लेखाशीर्षाखालचा राज्याचा गावांसाठीचा मूलभूत सुविधांचा निधी, आमदार निधी, खासदार निधी (खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात), आणि ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामालाच बांधलेला नसलेला) निधी. आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंचे दिवे आणि गतिरोधक एका वर्षाच्या आत झाले ते यातूनच. काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घातलेलं असलं पाहिजे, नाहीतर वर्षअखेर "आराखड्यात नाही" म्हणून कागद परत येतो.

इथला सगळ्यात महागडा सापळा म्हणजे डिपॉझिट वर्क. गाव किंवा स्थानिक संस्था म्हणाली की "आम्हाला मार्ग करून द्या", तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७ प्रमाणे खर्च मागणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. मग पूर्ण खर्च, वर देखरेखीचं शुल्क आणि पुढच्या देखभालीची रक्कम, सगळं आगाऊ भरा असं पत्र येतं. शेजारच्या एका गावाच्या ठरावात "ग्रामपंचायत आवश्यक ते सहकार्य व खर्च करण्यास तयार आहे" असं उत्साहाच्या भरात लिहिलं गेलं होतं. तो एक शब्द खोडून काढायला नवीन ग्रामसभा घ्यावी लागली. ठरावात लिहा: "फाटकाच्या बदल्यात, सुरक्षिततेच्या कारणास्तव, रेल्वे प्रशासनाने स्वनिधीतून अथवा राज्य शासनाच्या सहभागातून."

५. कागदांची फाइल

एकाच फाइलच्या पाच प्रती करा. आत हे असू द्या:

- ग्रामसभेचा ठराव, सरपंच-ग्रामसेवकांच्या सह्या आणि शिक्क्यासह. पलीकडच्या गावाचा वेगळा ठराव
- फाटक नंबर, किलोमीटर आणि रस्त्याचा दर्जा सांगणारं पत्र
- आरटीआयचं उत्तर आणि तुमच्या मोजणीचा तक्ता
- फाटक बंद राहण्याच्या वेळांची नोंद, तारखेसह
- शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, दूध संघ किंवा साखर कारखान्याची पत्रं
- पर्यायी रस्त्याचं अंतर दाखवणारा नकाशा
- शेजारच्या जमिनींचे गट नंबर आणि सातबारे
- अपघात झाला असेल तर पोलिस ठाण्याच्या नोंदीची प्रत

यातली वेळांची नोंद अधिकाऱ्यांना सगळ्यात जास्त पटते. "तासन् तास बंद असतं" असं म्हटलं की ते मान डोलावतात. "१४ तारखेला सकाळी ७ ते १० या वेळात अकरा वेळा बंद, एकूण ९४ मिनिटं" असं दाखवलं की पेन उघडतात.

६. अर्ज कुठे द्यायचा

पहिली प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या, म्हणजे डीआरएमच्या ऑफिसात. तिथे हा विषय वरिष्ठ विभागीय अभियंता पाहतात. स्टेशनमास्तरकडे अर्ज देऊन निर्धास्त होऊ नका, त्यांच्या हातात यातलं काही नाही. आपला विभाग कुठला याची आधी खात्री करा, कारण महाराष्ट्रात मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य, दक्षिण पूर्व मध्य आणि कोकण रेल्वे अशा वेगवेगळ्या हद्दी आहेत. नागपूरला तर दोन वेगळ्या झोनचे दोन विभाग आहेत.

दुसरी प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, तिसरी रस्त्याच्या मालक विभागाला, चौथी खासदारांना. पाचवी तुमच्याकडे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीत तुमच्या भागाचा सदस्य असेल तर त्याला भेटून विषय बैठकीत घ्यायला सांगा. बैठकीच्या इतिवृत्तात आलेल्या विषयाला रेल्वेला लेखी उत्तर द्यावं लागतं.

आणि रुळांवर आंदोलन करू नका. बंद फाटक जबरदस्तीने उघडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आमच्या गावातली दोन पोरं त्यात अडकली होती, त्यांच्या तारखा पुलाच्या मंजुरीपेक्षा जास्त दिवस चालल्या.

७. संमती देण्याआधी आराखडा वाचा

इथे थोडा वेळ थांबा, कारण गावाच्या हातात असलेली खरी ताकद इथेच आहे. फाटक कायमचं बंद करायला राज्य सरकारची संमती लागते. ती मागणारं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं, आणि तिथून ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागितली जाते. ही ना हरकत एकदाच देता येते. ती दिल्यावर तुमच्या सूचना म्हणजे विनंत्या. देण्याआधी त्या अटी असतात.

म्हणून आधी जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे जीएडी, मागा आणि गावातल्या एखाद्या इंजिनिअर मुलाला सोबत घेऊन जागेवर वाचा. पाहायचं ते असं:

उंची आणि रुंदी. ऊस भरलेली ट्रॉली, हार्वेस्टर, कडब्याची गाडी, एसटी आणि अग्निशामक गाडी आतून जाईल का? आम्ही बांबू घेऊन भरलेल्या ट्रॉलीची उंची मोजली, ती आराखड्यातल्या उंचीपेक्षा जास्त निघाली. त्या एका मापावर आराखडा बदलून मिळाला.

वळण. भुयारात शिरताना काटकोनात वळण असेल तर लांब ट्रॉली अडकते आणि समोरून येणारं दिसत नाही.

पाणी. भुयारी मार्ग हा परिसरातला सगळ्यात खोल बिंदू असतो. शिवारातलं पाणी तिथेच धावणार. पाणी गुरुत्वाने जवळच्या नाल्यात जाईल असं गटार दाखवलंय का, आणि त्या नाल्याचा तळ भुयाराच्या तळापेक्षा खाली आहे का? नसेल तर पाणी साठवायची टाकी आणि पंप लागणार. मग वीजबिल कोण भरणार, पंप बिघडला तर दुरुस्ती कोणाची? हे करारात लिहून घ्या. उतारावर छप्पर आणि तोंडाशी पाणी अडवणारा उंचवटा मागा. शेजारच्या गावच्या भुयाराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माणसाच्या छातीएवढी उंच आहे. तिथे फाटक गेलं आणि पावसाळ्यात रस्ताही गेला. मुलं आता पुन्हा रुळांवरून जातात, आणि आता तिथे गेटमनही नाही.

पायवाट. वाहनांपासून वेगळी, उंच, दिवे असलेली.

ना हरकतीत शेवटचं वाक्य असं घाला की, भुयारी मार्ग वाहतुकीस पूर्ण खुला झाल्यानंतरच फाटक बंद करण्यात यावं.

८. जमीन

रुळांची जागा रेल्वेची, पण पोचरस्त्याला खासगी जमीन लागली की काम थांबतं. मंजूर झालेल्या कामांना सर्वात जास्त उशीर जमीन, अतिक्रमण आणि विजेचे खांब-पाइपलाइन हलवण्यात होतो. मोजणी आधीच करून घ्या. ज्यांची जमीन जाणार त्यांना ग्रामसभेत भरडू नका. घरी जाऊन बसा, मोबदला कोणत्या पद्धतीने ठरतो ते तलाठी किंवा भूसंपादन अधिकाऱ्यांकडून समजावून द्या. आमच्याकडे एका म्हाताऱ्या आजींची विहीर आखणीत येत होती. आखणी चार मीटर सरकवली आणि सही लगेच मिळाली.

९. "मंजूर झालं" म्हणजे काय

पेपरात बातमी आली की पेढे वाटू नका. दर अर्थसंकल्पानंतर रेल्वेचं पिंक बुक, म्हणजे कामांची आणि त्यांना दिलेल्या रकमांची यादी, झोननिहाय प्रसिद्ध होतं, रेल्वेच्या संकेतस्थळावर ते मिळतं. उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांची कामं प्लॅन हेड (खर्चाचं शीर्ष) ३० खाली, फाटकांची कामं २९ खाली. तिथे तुमच्या फाटकाचा नंबर शोधा, आणि समोरच्या रकान्यात त्या वर्षासाठी किती रक्कम ठेवली आहे ते पाहा. नाममात्र रक्कम असेल तर काम यादीत आहे, पण त्या वर्षी सुरू होणार नाही. त्या वर्षी जमीन आणि जीएडीचं काम पुरं करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पैसे मागायला कारण उरतं.

निविदा निघाली की कार्यारंभ आदेशाची प्रत घ्या. त्यात कामाची मुदत आणि दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या कालावधीत जे बिघडेल ते ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी छत्री घेऊन भुयारात जा. पाणी किती चढलं, किती वेळात उतरलं, कुठल्या सांध्यातून गळतंय, याचे तारीख-वेळ दिसणारे फोटो काढा आणि त्याच आठवड्यात डीआरएम ऑफिसला पत्र द्या, पोच घेऊन.